चौथा चाकर

मत्तयच्या शुभवर्तमानातल्या पंचविसाव्या अध्यायातली चाकरांची गोष्ट आमच्या चर्चमध्ये दर तीन वर्षांनी, नोव्हेंबरातल्या एका रविवारी वाचली जाते. म्हणजे माझ्या एकवीस वर्षांत ती मी सहा-सात वेळा ऐकली असणार, त्यातल्या पहिल्या दोन वेळा आईच्या मांडीवर झोपून. आपल्या मंडळात सगळ्या धर्मांची मुलं आहेत, म्हणून थोडक्यात सांगते. एक मालक परदेशी जायला निघतो. तीन चाकरांना बोलावून एकाला पाच, दुसऱ्याला दोन आणि तिसऱ्याला एक असा पैसा सोपवतो. पहिले दोघं व्यापार करतात, दुप्पट करतात. तिसरा घाबरतो, खड्डा खणतो आणि पैसा पुरून ठेवतो. मालक परत आल्यावर पहिल्या दोघांना शाबासकी मिळते आणि तिसऱ्याची रवानगी बाहेरच्या अंधारात होते.

ही गोष्ट मला तीन भाषांत माहीत आहे, आणि तिन्हींत पैसा वेगळा आहे. आमच्या सौंसरकडे मिस्सा हिंदीत होते, म्हणून लहानपणी मी ऐकल्या त्या अशर्फिया. आईच्या कपाटात एक जुनं मराठी बायबल आहे, त्यात सरळ हजार-हजार रुपये. आणि इंग्रजीत आहे टॅलेंट. आता टॅलेंट म्हटलं की आपल्याला गाणं, नाच, चित्रकला आठवते. पण येशूच्या काळात टॅलेंट हे वजन होतं. माणसाला उचलायला जड जाईल इतक्या चांदीचं वजन. एक टॅलेंट म्हणजे सहा हजार दिनार, आणि एक दिनार ही शेतमजुराची एका दिवसाची मजुरी. हिशोब करा, वीस वर्षांच्या आसपासची कमाई होते. पुढे याच गोष्टीवरची प्रवचनं ऐकून ऐकून इंग्रजीत त्या शब्दाला 'अंगचा गुण' असा अर्थ चिकटला. म्हणजे आज टीव्हीवर जे टॅलेंट शो चालतात, त्यांचं नाव मुळात बायबलातल्या एका कर्जखात्यातून आलंय. मला याची गंमत वाटते.

ही माहिती सांगायचं कारण असं, की तिसऱ्या चाकराला मिळालं ते कमी नव्हतं. आपण 'माझ्याकडे कुठे काय आहे, एखादा छोटासा गुण' असं जे म्हणतो, ते नम्रपणाने नाही, सोयीने म्हणतो. वीस वर्षांच्या मजुरीला छोटं कोण म्हणेल?

बारावीत असताना मी तरुणांच्या एका शिबिराला गेले होते. तिथे याच गोष्टीवर सत्र होतं. प्रत्येकाला रंगीत कागद दिला, त्यावर आपलं टॅलेंट लिहायचं आणि भिंतीवरच्या कागदी झाडाला चिकटवायचं. मी लिहिलं, 'भाषा'. मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही येतात, वक्तृत्वात बक्षिसं आहेत, असं ऐटीत सांगितलं पण. सत्र घेणारे म्हणाले, "व्हेरी गुड, हे वाढवा, खूप पुढे जाल." तेव्हा ते फार आवडलं होतं. आता विचार केला की खटकतं. गोष्टीत वाढलेला पैसा चाकराच्या खिशात जातो असं कुठेच म्हटलेलं नाही. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत मालकाचाच असतो. आपल्या मराठीत यासाठी चांगला शब्द आहे, ठेव. ठेवीवर पुढे जायचं नसतं, ती सांभाळायची असते.

भाषेबद्दल थोडं सांगते, कारण नागपुरात मी सौंसरची म्हटलं की निम्मे लोक विचारतात, "मग तुला मराठी कसं येतं?" आणि पांढुर्णा म्हटलं की सगळ्यांना एकच आठवतं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवरून होणारी गोटमार. (त्याबद्दल माझी मतं आहेत, पण पांढुर्ण्याच्या लोकांसमोर सौंसरवालीने ती मांडू नयेत.) १९५६ पर्यंत नागपूर हीच मध्य प्रदेशाची राजधानी होती. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. त्याच्या दक्षिणेकडच्या सौंसर-पांढुर्ण्याच्या मराठी गावांसह. २०२३ मध्ये या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. घरात आणि बाजारात मराठी, शाळेत आणि तहसील कार्यालयात हिंदी, आणि आजारी पडलं की नागपूर, म्हणजे औषधाच्या कागदावर इंग्रजी. एकाच माणसाला एका आठवड्यात तीन भाषांतून जावं लागतं, आणि त्यातल्या दोन त्याला वाचता येतीलच असं नाही.

तिसरा चाकर मला शाळेत कळला. वर्गात मराठी बोललं की पोरं 'देहाती' म्हणून हसायची, म्हणून मी मराठी पुरून टाकली. नंतर नागपुरात एका स्पर्धेत परीक्षकांनी सांगितलं, 'आशय चांगला, पण उच्चार प्रमाण नाहीत.' मग मी 'मले-तुले' पण पुरून टाकलं. खड्डा खणायला आळसच लागतो असं नाही, लाजेनेही खणता येतो. इथपर्यंत माझी गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांसारखीच असेल. यापुढची सांगायला मला वर्ष लागलं.

गेल्या वर्षी मे महिन्यात मी सुटीत घरी होते. आमच्या शेजारी एक आजी राहतात. माहेर पांढुर्ण्याचं, तीन एकर संत्र्याचा बगीचा आहे, मुलगा बाहेरगावी कामाला. त्यांना खूप वर्षांपासून शुगर. पायाला जखम झाली, ती चिघळली, म्हणून नागपूरच्या एका खासगी दवाखान्यात चार दिवस ठेवलं होतं. घरी आल्यावर संध्याकाळी त्या कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आल्या. "बाई, तू इंग्रजी शिकून रायली ना, मंग मले सांग ना वो माय, काय लिवलं हाये याच्यात."

मी तेव्हा एका आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेची तयारी करत होते. विषय होता 'शब्दांचे सामर्थ्य'. मुद्दाम जुळवून सांगत नाहीये, खरंच तोच विषय होता. माझं भाषण अर्धं झालेलं होतं, डोक्यात एक वाक्य घोळत होतं आणि ते निसटेल अशी भीती. मी कागद घेतला, गोळ्यांची यादी बघितली आणि सांगितलं, "आजी, ही गोळी दोन टाइम जेवल्यावर, ही सकाळी उपाशीपोटी, पंधरा दिवस घ्यायच्या. बस्स." त्यांनी विचारलं, "अजून काई?" मी म्हटलं, "नाही, एवढंच."

कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलं होतं, की ड्रेसिंग एक दिवसाआड, आणि पाच दिवसांनी शुगर तपासून पाय दाखवायला आणा. मी कागद उलटलाच नव्हता.

आजींनी पंधरा दिवस इमानदारीने गोळ्या घेतल्या. पायाला घरचंच फडकं बांधलं. वास यायला लागला तेव्हा मुलगा आला आणि घेऊन गेला. पायाची दोन बोटं काढावी लागली. डॉक्टर त्यांच्या मुलाला म्हणाले की शुगर एवढी वाढलेली होती, वेळेवर आला असता तरी सांगता आलं नसतं. हे वाक्य मी स्वतःला कितीतरी वेळा म्हणून दाखवलंय. त्याने फरक पडत नाही.

मला कोणी काही बोललं नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं. मी स्वतःहून जाऊन सांगितलं, तेही दोन महिन्यांनी. आजी बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तू नसती तं कोनी वाचून देल्लं असतं मले? जाऊ दे." त्यांनी रागावायला हवं होतं. त्यांच्या त्या 'जाऊ दे'ने माझी फार पंचाईत केली. त्यात त्यांच्या मोठेपणाइतकीच त्यांची लाचारीही होती. वाचून देणारं दुसरं कोणीच नाही, म्हणून त्यांना माझ्यावर रागावताही येत नव्हतं.

त्यानंतर मी ती गोष्ट परत वाचली आणि माझ्या लक्षात आलं की त्यात एक माणूस नाहीच. पाचवाला जिंकतो, दोनवाला जिंकतो, एकवाला पुरतो. ज्याने पैसा बाजारात काढला, पण बेफिकीरपणे काढला आणि दुसऱ्याचं नुकसान केलं, असा चाकर तिथे नाही. त्याला मालक काय म्हणाला असता? आपली सगळी प्रवचनं, सगळी शिबिरं आपल्याला तिसरा चाकर होण्यापासून वाचवायला बघतात. वापरा, वापरा, लपवू नका. पण इंग्रजी येणारी, मोबाइल चालवणारी, माइकसमोर न घाबरणारी आपली पिढी पुरणारी नाहीच. आपण चौथे चाकर आहोत. आपण जे येतं ते दाखवायला इतके उत्सुक असतो, की कागद उलटून बघत नाही.

माझं म्हणणं असं, की देणगी वापरणं हा अर्धाच भाग झाला. ती कुणावर वापरली जातेय त्या माणसाला तिची किती गरज आहे, त्यावर तिची किंमत ठरते. माझं इंग्रजी स्पर्धेच्या मंचावर चुकलं तर दोन मार्क जातात. तेच इंग्रजी आजींच्या ओसरीवर चुकलं की पायाची बोटं जातात. मी तयारी मात्र मंचाची करत होते.

या बाबतीत मला पंडिता रमाबाई फार जवळच्या वाटतात. त्या कॅथलिक नव्हत्या, आणि चर्चच्या अधिकाराबद्दल त्यांनी आपल्याच मिशनरी मंडळींशी जे वाद घातले ते वाचले तर त्यांना कुठल्याच खोक्यात बसवता येत नाही. १८७८ साली, जेमतेम विशीत, कलकत्त्याच्या पंडितांनी संस्कृतच्या ज्ञानासाठी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. आपल्या शिबिराच्या भाषेत सांगायचं तर केवढं टॅलेंट! त्या बाईंनी आयुष्याच्या शेवटच्या पंधरा-एक वर्षांत काय केलं? हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि बायबलचं भाषांतर खेड्यातल्या, नुकत्याच अक्षरओळख झालेल्या बायकांना कळेल अशा साध्या मराठीत करत बसल्या. ज्या संस्कृतसाठी नाव झालं, तेच संस्कृत शब्द त्या मजकुरातून वेचून काढत होत्या. पुण्याजवळ केडगावला, मुक्ती मिशनच्या छापखान्यात, आश्रमातल्याच मुली खिळे जुळवायच्या. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. पूर्ण ग्रंथ त्यानंतर बाहेर आला.

आणि ते भाषांतर फारसं रूढ झालं नाही. चर्चमध्ये दुसरीच भाषांतरं चालत राहिली. पाचाचे दहा झाले का, असं विचारलं तर उत्तर बहुधा 'नाही' येईल. मला मात्र हा शेवट जास्त पटतो. समोर एक बाई आहे, तिला अवघड शब्द कळत नाही, आणि आपल्याला कळतो. एवढ्यासाठी म्हातारपणी हिब्रू शिकायला बसायचं. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये आले आणि त्यांचं क्रिस्तपुराण छापून झालं १६१६ मध्ये, म्हणजे सदतीस वर्षांनी. मराठीच्या तासाला आपण त्यातल्या भाषेचं कौतुक शिकतो. त्या पुराणामागे नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पोथी-पुराणं हिरावली गेल्याची दुखरी बाजू आहे, ती मी विसरत नाही. पण परक्या माणसाने एका भाषेसाठी सदतीस वर्षं दिली, हे खरंच आहे. मी आजींना सदतीस सेकंद दिले होते.

आईचं माहेर वसईचं, त्यामुळे फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं नाव आमच्या घरात घरच्यासारखं घेतलं जातं. जानेवारी २०२० मध्ये ते उस्मानाबादच्या ९३व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, धर्मगुरू असल्यामुळे त्यांना विरोध झाला, हे सगळ्यांना माहीत आहे. आई मात्र संमेलनाबद्दल बोलत नाही. ती सांगते की वसईची हिरवी जमीन बिल्डरांच्या घशात जात होती तेव्हा फादर लेखणी आणि वाणी घेऊन लोकांसोबत रस्त्यावर उभे होते, आणि तेव्हा तसं उभं राहणं धोक्याचं होतं. २०२४ च्या जुलैमध्ये ते वारले तेव्हा आई रडली, ती त्यांच्या कुठल्या पुस्तकासाठी नाही.

आता मंडळापुरतं बोलते. आपण दरवर्षी २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन करतो. दिंडी, काव्यवाचन, पाहुणे. मला ते आवडतं, मी सूत्रसंचालनही केलंय. पण नागपूरच्या मेडिकलमध्ये आणि मेयोत रोज सौंसर, पांढुर्णा, बैतूल, बालाघाटकडची माणसं हातात कागद घेऊन उभी असतात, हे आपल्यापैकी कितीजणांनी बघितलंय? आपल्याकडे तीन-तीन भाषा येणारी पोरं आहेत. शनिवारी दोन तास आळीपाळीने तिथे बसून, रीतसर परवानगी घेऊन, फक्त वाचून द्यायचं, असं काही करता येईल का, हे मी या लेखातून विचारतेय.

मी हे बैठकीत बोलले तेव्हा दोन आक्षेप आले. एक, हे साहित्य मंडळाचं काम नाही. याला मी फारसं उत्तर देणार नाही. वाचणं हे साहित्य मंडळाचं काम नसेल तर कुणाचं आहे? दुसरा आक्षेप खरा आहे. शिकाऊ पोरांनी दवाखान्याचे कागद वाचून सांगणं धोक्याचं आहे. हो, आहे. माझ्याइतकं ते कुणाला माहीत असणार? म्हणूनच मी म्हणते, की नियम आधी आणि उत्साह नंतर. कागद दोन्ही बाजूंनी वाचायचा. जे लिहिलंय तेच सांगायचं, आपलं ज्ञान जोडायचं नाही. शब्द लागला नाही तर 'मला कळत नाही' म्हणायचं आणि त्या माणसासोबत उठून नर्सबाईंकडे जायचं. शेवटी ऐकणाऱ्याकडून परत वदवून घ्यायचं. वक्तृत्वात बक्षिसं मिळवलेल्यांना यातलं सगळ्यात कठीण काय जाईल ते सांगते, 'मला कळत नाही' हे तीन शब्द. ते मोठ्याने म्हणायची मला अजून सवय नाही.

एक गोष्ट राहिली. दिवाळीत घरी गेले तेव्हा मी आजींना चाकरांची गोष्ट सांगितली. मला वाटलं होतं त्या पहिल्या दोघांचं कौतुक करतील. त्या शांतपणे ऐकून म्हणाल्या, "हा मालक तं आमच्या व्यापाऱ्यावानी दिसते."

त्यांच्याकडे बगीचा झाडावरच विकतात. फळ बारीक असतानाच व्यापारी येऊन सौदा करतो. पुढे गारपीट झाली, फळ गळलं, तर पैसे कमी करायला लावतो. भाव चढला तर तो नफा त्याचा. बहार धरायला झाडाला ताण द्यायचा, पाणी तोडून वाट बघायची, डिंक्या लागला तर खोडाला मलम लावायचं, हे सगळं आजींचं. गोष्टीतला तिसरा चाकर मालकाला तोंडावर सांगतो की तू पेरलं नाहीस तिथे कापतोस. ते वाक्य आजींनी बरोब्बर पकडलं. "आनं त्या तिसऱ्यानं चोरलं तं नाई ना? होतं तेवढं वापस केलं. मंग त्याले काहून हाकललं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर कळलं की काही अभ्यासकही ही गोष्ट अशीच, खालच्या बाजूने वाचतात. मला अजून ते पूर्ण पटलेलं नाही, कारण मी ज्या देवाला मानते तो आजींच्या व्यापाऱ्यासारखा नाही. पण एवढी वर्षं, तिन्ही भाषांत ऐकून, मला तो प्रश्न पडला नव्हता आणि सही करायला अंगठा पुढे करणाऱ्या बाईला पहिल्याच खेपेला पडला, हे मी नोंदवून ठेवलंय.

त्याच दिवशी त्यांनी परत पिशवी काढली. या वेळी हिंदीत छापलेला सोसायटीचा कागद होता आणि दवाखान्याचे दोन. मी दारातच बसले. दोन्ही बाजू वाचल्या. एका ठिकाणी अक्षर लागेना, तर सायकल काढून मेडिकल स्टोअरवाल्या काकांकडून वाचून आणलं. तारीख कॅलेंडरवर गोल करून दिली. पाऊण तास लागला. "आता तुम्ही सांगा, काय काय करायचं," असं म्हणून मान वर केली, तर आजी भिंतीला टेकून झोपल्या होत्या. मी कागद मांडीवर ठेवून त्या जाग्या होईपर्यंत तिथेच बसून राहिले.